नाताळच्या सुट्टीत मनाली आणि हिमवृष्टीचा इशारा: बुकिंगपासून घरी परतेपर्यंत काय काय सांभाळायचं

23 डिसेंबर 2024. मनालीच्या वरच्या अंगाला बर्फ सुरू झाला आणि सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात हजारभर गाड्या जागच्या जागी थांबल्या. पोलिसांनी त्या रात्री सातशेच्या आसपास पर्यटकांना खाली आणलं. चारच दिवसांनी, 27 तारखेला, सोलंग नाल्यात पुन्हा तीच गत झाली आणि या वेळी अडकलेल्यांचा आकडा पाच हजारांच्या घरात गेला. त्याच आठवड्यात हिमाचलमधले दोनशेहून जास्त रस्ते बंद होते, आणि घसरलेल्या गाड्यांमुळे माणसंही दगावली.

मुंबई-पुण्याच्या, नाशिक-नागपूरच्या कितीतरी घरांत नाताळच्या सुट्टीत मुलांना बर्फ दाखवायला मनालीला न्यायचा बेत असतो. जरूर न्या. बर्फ पहिल्यांदा हातात घेणाऱ्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो. फक्त ही सहल महाबळेश्वरच्या सहलीसारखी आखू नका. पुढे कपडे, चेन (बर्फात पकड मिळावी म्हणून टायरवर चढवायच्या साखळ्या), गाडी, औषधं सगळं सविस्तर येईलच, पण त्यातल्या दोनच गोष्टी लक्षात राहिल्या तरी पुष्कळ झालं: सहलीत एक दिवस मोकळा ठेवा, आणि वर गेलात तर दुपारी दोनच्या आत खाली उतरायला लागा.

आधी तिथला रस्ता समजून घ्या

मनाली समुद्रसपाटीपासून साधारण 2,050 मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. म्हणजे तुमच्या हॉटेलची खोलीच महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरापेक्षा चारशे मीटर उंच असते. तिथून सोलंग, धुंदी असं करत रस्ता 25 किलोमीटरमध्ये आणखी हजारभर मीटर चढतो आणि 3,060 मीटरवर अटल बोगद्याच्या दक्षिण तोंडाशी येतो. एवढ्या चढात तापमान सहाएक अंशांनी उतरतं. म्हणून एक साधा ठोकताळा: मनालीच्या बाजारात रिपरिप पाऊस लागला असेल, तर सोलंगला बर्फ पडतोय आणि धुंदीला तो साचतोय असं धरून चाला.

बोगदा 9.02 किलोमीटर लांब आहे. पीर पंजालच्या रांगेखालून तो थेट लाहौलमध्ये, सिस्सूच्या बाजूला निघतो. 3 ऑक्टोबर 2020 ला तो सुरू होण्याआधी हिवाळ्यात रोहतांगची खिंड बंद झाली की वरची वाहतूकच संपायची. आता डिसेंबरातही हजारो गाड्या सकाळी वर जातात आणि दुपारी तीन-चारला सगळ्या एकदम खाली यायला निघतात. रस्ता एकच. नेमक्या त्याच वेळी बर्फ आला, एक गाडी आडवी झाली, की मागचं सगळं थांबतं. कोंडीचं मूळ या वेळेत आहे, म्हणून उपायही वेळेतच शोधायचा.

बुकिंग करताना

परतीच्या विमानाच्या किंवा गाडीच्या आदल्या रात्री मनालीत मुक्काम ठेवू नका. ती रात्र चंदीगडला काढा, निदान मंडीपर्यंत तरी खाली या. चंदीगड ते मनाली अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण हिमवृष्टीच्या दिवसांत खालच्या भागात पाऊस असतो आणि पंडोह ते औट या पट्ट्यात डोंगरावरून दगड येतात. हा टप्पा उजेडातच पार करा. भुंतरचा विमानतळ मनालीहून पन्नास किलोमीटरवर असला तरी धावपट्टी लहान, दरी अरुंद, आणि ढग उतरले की उड्डाणं रद्द. पाच-सहा दिवसांची सगळी सहल त्या एका विमानावर टांगू नका.

टूर कंपनीकडून जाणार असाल तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा आणि उत्तरं व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घ्या. वरचा रस्ता बंद झाला तर त्या दिवसाचं काय? गाडी कोणती आणि तिच्यात चेन असतात का? रस्ता बंद म्हणून एक रात्र जास्त राहावं लागलं तर खर्च कोणाचा? ‘दिवस तिसरा: सोलंग आणि अटल टनेल’ असं पत्रकात छापलेलं असतं, आणि पैसे भरलेत म्हणून माणसं त्या तिसऱ्या दिवसाला चिकटून बसतात. तिसऱ्या आणि चौथ्या दिवसाची अदलाबदल करायची मुभा आधीच मागून घ्या.

अंदाज कसा वाचायचा

हिवाळ्यात हिमालयात बर्फ आणतात ते पश्चिमी झंझावात. हिंदी बातम्यांत त्यांना ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणतात, शोधताना तोच शब्द वापरा. भूमध्य समुद्राच्या बाजूने ही वाऱ्यांची प्रणाली इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत येते, वाटेत अरबी समुद्राचं बाष्पही मिळालं तर जोर धरते, आणि धौलाधार-पीर पंजालवर धडकून रिती होते. हिवाळ्यात महिन्याला असे चार-पाच झंझावात येतात. सगळेच जोरदार नसतात, पण आठवडाभराच्या सहलीत एखाद्याशी गाठ पडण्याची शक्यता चांगलीच असते.

झंझावाताची चाल ठरलेली असते आणि ती ओळखता आली की अर्धं काम होतं. आदल्या दिवशी उंचावर पातळ ढग पसरतात, आणि रात्र नेहमीपेक्षा उबदार वाटते, कारण ढगांचं पांघरूण जमिनीची ऊब अडवतं. पर्यटकांना वाटतं, थंडी कमी झाली, चला वर. मग दिवस-दोन दिवस बर्फ पडतो. त्यानंतर आकाश निळंशार होतं, ऊन पडतं आणि थंडी कडाडते. फोटोसाठी हा दिवस सुंदर, गाडी चालवायला मात्र सगळ्यात घातक. दिवसा वितळलेलं पाणी संध्याकाळी रस्त्यावर गोठतं आणि सकाळी डांबर नुसतं ओलं दिसतं. तिथले लोक ‘सडक पर पाला है’ म्हणतात, ते यालाच. टॅक्सीवाल्याने सकाळी ‘पाला है, दस बजे निकलेंगे’ असं सांगितलं तर तो आळस करत नाहीये. ऐका त्याचं.

अंदाजासाठी फोनमधल्या आयत्या हवामान ॲपवर विसंबू नका. ते मनाली गावापुरतं चित्र दाखवतं, तीन हजार मीटरवरचं नाही. हवामान खात्याच्या शिमला केंद्राचा अंदाज आणि खात्याचं ‘मौसम’ ॲप बघा. त्यात दोन जिल्हे तपासायचे: कुल्लू आणि लाहौल-स्पिती. बोगद्याचं अलीकडचं तोंड एका जिल्ह्यात आहे, पलीकडचं दुसऱ्यात, आणि दोन्हीकडची हवा पुष्कळदा वेगळी असते. हिमस्खलनाचा इशारा संरक्षण खात्याची डीजीआरई ही संस्था देते. बोगद्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वरचे उतार हिमस्खलनाचे आहेत, त्यामुळे तो इशारा गिर्यारोहकांपुरताच आहे असं समजू नका. शिवाय कुल्लू आणि लाहौल-स्पिती पोलीस समाजमाध्यमांवर रस्त्यांची स्थिती टाकत असतात. चहा घेताना तेवढं उघडून बघायचं.

आता हवामान खात्याच्या इशाऱ्यांच्या रंगांचा अर्थ, माझ्या हिशेबाने. यलो अलर्ट असेल तर सकाळी लवकर सोलंगपर्यंत जा, जेवणाच्या वेळेला मनालीत परत या, बोगद्याचा नाद सोडा. ऑरेंज असेल तर गाडी काढायचीच नाही. त्या दिवशी बर्फ बहुधा मनालीतच येतो. हिडिंबा मंदिराभोवतीच्या देवदारांत पायी फिरा, जुन्या मनालीत जा, मुलांना तिथेच खेळू द्या. रेड असेल आणि तुम्ही अजून मनालीत पोहोचला नसाल तर कुल्लू किंवा मंडीलाच थांबा. पोहोचला असाल तर हॉटेल सोडू नका. हे नियम कोणाला जास्तच कडक वाटतील. लहान मुलं आणि सत्तरीतले आजी-आजोबा बरोबर असताना मला तरी यात सूट द्यावीशी वाटत नाही.

गाडी कोणती आणि चालवणार कोण

माझं स्पष्ट मत आहे: आयुष्यात बर्फावर गाडी चालवलेली नसेल तर ती शिकायची जागा सोलंगचा उतार नव्हे, आणि दिवस 25 डिसेंबर तर नव्हेच. घाटात वीस वर्षं गाडी चालवलेला माणूसही इथे नवखाच असतो. ताम्हिणीच्या पावसातली सवय बर्फावर उपयोगाची नाही, कारण तिथे ब्रेक दाबला की गाडी निदान थांबते. स्वतःची गाडी मनालीपर्यंत न्या, हॉटेलच्या आवारात लावा आणि वर जायला स्थानिक चालकाची फोर बाय फोर ठरवा. तसंही बर्फ असला की पोलीस नेहरू कुंड किंवा पलचानपाशी बाकीच्या गाड्या अडवतात आणि पुढे फोर बाय फोरच सोडतात. तिथे हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

फोर बाय फोरबद्दल एक गैरसमज मात्र काढून टाका. चारही चाकांना ताकद मिळते म्हणून ती चढ चढते. थांबताना ती ताकद कामाला येत नाही. ब्रेक दाबल्यावर पकड टायर आणि बर्फ यांच्यात असेल तेवढीच, मग गाडी कितीही लाखांची असो. डिसेंबर 2024 च्या त्या कोंडीच्या व्हिडिओंमध्ये हळूहळू मागे घसरणाऱ्या गाड्यांत दणकट फोर बाय फोरही होत्या. टेम्पो ट्रॅव्हलर तर मागच्या चाकांवर चालते आणि लांब असते, तिला बर्फात वर नेऊ नये.

आणि चालकाला भरीला पाडू नका. ‘अजून थोडं पुढे घे ना भय्या, इतक्या लांबून आलोय’ हे वाक्य तिथे रोज ऐकू येतं. तो बिचारा बक्षिसीसाठी किंवा भिडेखातर घेतो पुढे. तो ‘बस, यहीं तक’ म्हणाला की तिथेच उतरायचं.

सामान

कपड्यांत सुती काहीच अंगालगत नको. सुती बनियन घामाने ओलं झालं की वाळत नाही आणि अंग गार पडतं. आत थर्मल, वर लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस, त्यावर वारा-पाणी अडवणारं जाकीट. कानटोपी, मफलर, आणि हातमोज्यांचे माणशी दोन जोड, कारण मुलं पहिला जोड अर्ध्या तासात भिजवतात. वाटेवरच्या दुकानांत लांब कोट आणि गमबूट भाड्याने मिळतात, ते घ्या, पण बूट आतून आदल्या गिऱ्हाइकाच्या पायाने दमट असण्याची शक्यता असते. पायात एक मोजा, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, वर दुसरा मोजा आणि मग बूट. दिसायला विचित्र वाटेल, पण पाय कोरडे राहतात.

खाणं गाडीतच हवं, डिकीतल्या बॅगेत नको. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याचे लाडू, राजगिऱ्याची चिक्की, खजूर. थंडीत टिकणारं आणि हातमोजे घालूनही खाता येणारं आपल्या स्वयंपाकघरात भरपूर आहे. मोठा थर्मास भरून गरम पाणी आणि माणशी एक बाटली साधं पाणी.

औषधांचं दुप्पट दिवसांचं गणित करा. सहा दिवसांची सहल असेल तर बारा दिवसांच्या रक्तदाबाच्या, थायरॉइडच्या गोळ्या. इन्शुलिन गोठलं की निकामी होतं आणि वितळल्यावर पुन्हा वापरता येत नाही. म्हणून ते गाडीत किंवा खोलीच्या खिडकीशी ठेवू नका, जाकिटाच्या आतल्या खिशात राहू द्या. दम्याचा पंपही तसाच अंगाजवळ. मोबाइलची बॅटरी थंडीत भराभर उतरते, तोही आतल्या खिशात. पॉवर बँक पूर्ण भरलेली हवी, आणि रोख पैसे हवेतच. वीज गेली, टॉवर बंद पडला, की यूपीआय काय कामाचं? (प्रीपेड सिमची काळजी नको. बाहेरचं प्रीपेड न चालण्याचा नियम जम्मू-काश्मीर आणि लडाखचा आहे, हिमाचलचा नाही.)

गाडीत फावडं, टॉर्च, दोरखंड, जाड पांघरुणं आणि पोतंभर वाळू किंवा माती. काच धुण्याच्या टाकीत साधं पाणी असेल तर ते गोठतं, त्यात थंडीत न गोठणारं द्रावण भरून घ्या. कूलंटचं प्रमाण आणि बॅटरी निघण्याआधी गॅरेजमध्ये तपासून घ्या.

त्या दिवशी सकाळी

अंदाज बघा, पोलिसांची पोस्ट बघा, हॉटेलच्या माणसाला विचारा. तिन्ही ठिकाणी ‘ठीक आहे’ मिळालं तरच निघा. टाकी भरलेली हवी. हॉटेलात सांगून ठेवा की कुठे चाललोय आणि किती वाजता परत येऊ. डिसेंबरअखेर मनालीत सूर्य साडेपाचच्या आतच मावळतो, आणि डोंगराच्या सावलीतले रस्ते त्याच्या कितीतरी आधी गार पडू लागतात. दोन वाजताचा गजर लावा आणि तो वाजला की हातातला चहा संपवून गाडीत बसा. वाटेत दुपारी एकला बर्फाचे कण पडायला लागले तर एकलाच फिरा.

रस्त्यावर

तरीही गाडी तुम्हीच चालवत असाल, किंवा मनालीतल्या मनालीतच बर्फ गाठेल, तर हे माहीत असू द्या.

आदल्या रात्री गाडी लावताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, तो गोठून अडकतो. सपाट जागा बघा, पहिल्या गिअरमध्ये टाका आणि चाकांना दगडाची उटी लावा. वायपर काचेवरून उचलून ठेवा, नाहीतर सकाळी रबर काचेला चिकटलेलं असतं आणि ओढलं की फाटतं. काचेवर उकळतं पाणी ओतू नका, तडा जातो. टपावरचा बर्फही झाडून काढा, कारण पहिल्या ब्रेकला तो समोरच्या काचेवर येतो.

चेन घरीच, अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये, लावून बघा. वर काकडलेल्या बोटांनी, अंधारात, पहिल्यांदा ती पिशवी उघडणं फार अवघड जातं. ज्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते त्यांना चेन लावायची, आणि आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढची चाकं असतात. चढ सुरू होण्याआधी, सपाटीला, बाजूला थांबून लावा. चेन जमिनीवर पसरा, गुंता सोडवा, टायरवरून सारखी पडेल अशी टाका, आधी आतल्या बाजूचा हूक, मग बाहेरचा. पन्नास-शंभर मीटर गाडी हळू चालवा, उतरा आणि पुन्हा आवळा. दुसऱ्यांदा आवळायचं लोक विसरतात आणि सैल चेन मडगार्ड फोडते. चेन लावल्यावर वेग तीस-चाळीसच्या वर नको. कोरडं डांबर लागलं की काढून ठेवा.

गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच अलगद सोडत हलवा. चाक जागच्या जागी फिरायला लागलं तर ॲक्सिलरेटर दाबू नका. त्याने खालचा बर्फ वितळून गुळगुळीत होतो आणि गाडी आणखी रुतते. चाकाखाली वाळू टाका, नसेल तर पायपुसणं घाला. उतारावर पहिला किंवा दुसरा गिअर आणि पाय ब्रेकपासून लांब, वेग इंजिनालाच धरू द्या. ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल किंवा एल (लो) मोड वापरा. पुढच्या गाडीपासून एरवीपेक्षा कितीतरी पट अंतर ठेवा. गाडी घसरलीच तर दोन्ही पाय उचला, जिकडे जायचंय तिकडे नजर ठेवा आणि स्टिअरिंग तिकडेच थोडंसं वळवा. झटका कशालाच द्यायचा नाही.

बोगद्याच्या टोकाशी विशेष जपा. आतला रस्ता कोरडा असतो, वेग नकळत वाढतो, आणि बाहेर पडताच चाकाखाली काचेसारखा थर असू शकतो. डोळेही अंधारातून एकदम पांढऱ्या उजेडात येतात. तोंड दिसायला लागलं की तिथूनच वेग उतरवा, बाहेर पडल्यावर नाही. आत थांबून सेल्फी काढणं तर सोडूनच द्या.

रांग लागली तर रांगेतच राहा. हे मी कळवळून सांगतो. कोंडी झाली की कोणीतरी उजवीकडून गाडी घालतो, त्याच्यामागे आणखी दहा जण, आणि समोरून येणाऱ्यांना वाट उरत नाही. मग बर्फ हटवणारं यंत्र येऊ शकत नाही, रुग्णवाहिका येऊ शकत नाही, पोलिसांची फोर बाय फोरही येऊ शकत नाही. दोन तासांत सुटणारी कोंडी त्या दुसऱ्या रांगेमुळे रात्रभर चालते.

अडकलातच तर

घाबरू नका, पण पहिल्या पाच मिनिटांत कामाला लागा. धोक्याचे दिवे लावा. 112 ला फोन करा. जिल्ह्याचा आपत्ती कक्ष 1077 वर आणि राज्याचा 1070 वर असतो. ठिकाण सांगताना ‘सोलंगच्या पुढे’ एवढंच नको, शेवटचा दिसलेला किलोमीटरचा दगड किंवा पूल सांगा. किती माणसं, किती मुलं, कोणाला काय आजार, हेही. मग फोन बॅटरी वाचवायच्या मोडवर टाका. घरच्यांना एकच संदेश पाठवा, म्हणजे दहा जणांचे फोन घ्यावे लागणार नाहीत.

यानंतरचा मुद्दा जिवाशी गाठ असलेला आहे. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे, इस्लामाबादपासून साठेक किलोमीटरवर, बर्फ बघायला आलेल्या पर्यटकांच्या गाड्या रात्रभर अडकल्या आणि वीसहून जास्त माणसं गेली. त्यातली कित्येक गाडीत बसल्या जागी. काच बंद, हीटर सुरू, आणि बाहेर साचणाऱ्या बर्फाने सायलेन्सरचं तोंड बुजलेलं. मग धूर आत शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि माणूस झोप आली समजून झोपतो.

म्हणून इंजिन सुरू करण्याआधी दर वेळी खाली उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ फावड्याने काढा. इंजिन तासाला दहा मिनिटंच चालवा, त्या वेळी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच दोन बोटं उघडी ठेवा. मग बंद करा. मोठ्यांपैकी एकाने आळीपाळीने जागं राहायचंच. सगळ्यांनी एकाच वेळी झोपायचं नाही.

ऊब अंगाचीच टिकवा. मुलांना मध्ये घ्या, सगळ्यांवर मिळून पांघरूण घ्या, ओले मोजे लगेच बदला, पायाची बोटं हलवत राहा. थोडं थोडं खात राहा. दारू अजिबात नको. क्षणभर ऊब वाटते, पण अंगातली उष्णता उलट लवकर निघून जाते. थरथरणारं माणूस एकाएकी थरथरायचं थांबलं, अडखळत बोलायला लागलं किंवा असंबद्ध वागायला लागलं, तर त्याचं अंग धोकादायक गार पडतंय. ओले कपडे काढा, कोरडं घाला, छाती-पोटाला ऊब द्या, शुद्धीत असेल तर गोड गरम पाणी पाजा आणि पुन्हा 112 ला कळवा. बोटं बधिर-पांढरी पडली असतील तर चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका. दुसऱ्याच्या काखेत धरून शेका.

गाडी सोडून चालत निघायचं का? दिवसाउजेडी वस्ती डोळ्यांसमोर दिसत असेल किंवा पोलीस नेत असतील तरच. बर्फ पडत असताना अंधारात निघणारी माणसं वाट चुकतात. पोलीस ‘गाडी सोडा आणि चला’ म्हणाले तर गाडीचा मोह करू नका, औषधं, फोन, पैसे घेऊन निघा. फक्त जाण्याआधी ती कडेला लागलेली असेल एवढं बघा.

हॉटेलात अडकलात तर

जोरदार बर्फात वीज जाते, नळ गोठतात. बर्फ सुरू झाल्याबरोबर बादल्या भरून ठेवा आणि सगळं चार्ज करा. थंडीसाठी खोलीत कोळशाची शेगडी मागू नका आणि कोणी दिली तरी घेऊ नका. बंद खोलीतला तो धूर गाडीतल्या धुराइतकाच विषारी. तिथल्या घरांत लोखंडी ‘तंदूर’ असतो, त्याचा धूर नळीतून बाहेर जातो. हॉटेलच्या हॉलमध्ये तसा असेल तर सगळे तिथे जाऊन बसा.

परतीचा प्रवास

व्होल्वो बसने आला असाल तर बर्फात बस मनालीत येतेच असं नाही, पुष्कळदा पतलीकुहल किंवा कुल्लूहून सुटते. तिथपर्यंतच्या छोट्या गाडीची सोय आणि वेळ आधीच धरा. बियासच्या डाव्या काठाने नग्गरवरून जाणारा दुसरा रस्ता आहे, पण तो अरुंद आहे. पोलिसांना विचारूनच घ्या, नकाशाच्या ॲपने सुचवला म्हणून नको.

डोंगर उतरलात म्हणजे सुटलात असं नाही. झंझावात पुढे सरकला की पंजाब-हरियाणा-दिल्लीवर दाट धुकं उतरतं, आणि चंदीगड-दिल्लीची विमानं आणि गाड्या तासन् तास उशिरा धावतात. पहाटेचं विमान घेऊ नका, धुकं तेव्हाच सगळ्यात दाट असतं. दुपारचं घ्या. हवामानामुळे विमान रद्द झालं तर परतावा किंवा दुसरं विमान मागता येतं, वर भरपाई मिळत नाही, तेव्हा हॉटेलच्या एका रात्रीचे पैसे बाजूला ठेवा. रेल्वेने परतणाऱ्यांसाठी (चंदीगडहून मडगावला जाणाऱ्या गोवा संपर्क क्रांतीने किंवा अंबाल्याहून पश्चिम एक्सप्रेसने येणारे बरेच असतात) नियम असा: तुमच्या स्थानकावर गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि तुम्हाला जायचं नसेल, तर पूर्ण पैसे परत मिळतात. त्यासाठी गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरावा लागतो. सुटल्यानंतर भरला तर तो हक्क जातो, म्हणून फलाटावर वाट बघतानाच मोबाइलवरून भरून टाका.